तीनशे मीटरांचा वाद

मध्य रेल्वेच्या मार्गावर भांडुप आणि मुलुंड या दोन जुन्या, नांदत्या स्थानकांच्या दरम्यान २००६ साली नाहूर नावाचे स्थानक उघडले गेले. तोपर्यंत या गावाचे नाव सात-बाराच्या उताऱ्यांत, कारखान्यांच्या टपालपत्त्यांत आणि जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात तेवढे शिल्लक होते. पूर्वेस खाडीकडे पसरत गेलेली मिठागरे, पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, आणि मध्ये, जेथे एके काळी भोंग्यावर पाळ्या बदलत, तेथे आता मान वर करकरून मजले मोजावे लागतील अशा इमारती, असा हा मुलूख आहे. जलद गाडी येथे थांबत नाही. ती फलाटावरचे कागद उडवीत, छत्र्या उलट्या करीत निघून जाते, आणि धीम्या गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या पदरात बोलण्यासाठी दहा-बारा मिनिटे टाकून जाते. पुढील संभाषण अशाच मिनिटांचे आहे, फक्त त्या दिवशी पावसाने गाड्यांचे वेळापत्रक कोलमडल्यामुळे त्यांचा पाऊण तास झाला.

बाकावर दोघे होते. अण्णांची हयात भुसावळजवळच्या वरणगाव आयुध कारखान्यात काडतुसांच्या तपासणीवर गेली; चार्जमन म्हणून ते निवृत्त झाले आणि मुलाच्या सतराव्या मजल्यावरील बिऱ्हाडी येऊन राहिले. दुसरे सुभेदार, सातारा जिल्ह्यातले, १९८४ साली बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती होऊन अठ्ठावीस वर्षांच्या चाकरीनंतर परतलेले. एकाने आयुष्यभर काडतुसे हातावेगळी केली, दुसऱ्याने ती खांद्यावरून वाहिली. काडतुसाची थोरवी वाहणाऱ्याने गावी आणि बनविणाऱ्याने खर्चाचा हिशेब मांडावा अशी माझी समजूत होती. परंतु झाले ते नेमके उलटे.

निमित्त वर्तमानपत्रातील एका बातमीचे. उत्तर प्रदेशात अमेठीनजीक कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ रायफलींचा आणखी एक हप्ता सैन्याकडे रवाना झाल्याचे त्यात छापले होते. अण्णांनी ते वाचून चष्मा कपाळावर सरकविला.

"रायफलीचे फोटो सगळे छापतात, सुभेदार, काडतुसाचा कोणी छापीत नाही. वास्तविक आधी ठरते ते काडतूस, मग त्याच्या मापाने नळी, कोठी, मॅगझिन, स्प्रिंग सगळे बेतावे लागते. नवरदेव राहिला बाजूला आणि वरात घोड्याची, असा प्रकार."

"मग आपल्या मते नवरदेव कोणता?" सुभेदारांनी विचारले.

"सात दशांश बासष्ट, एकावन्न. दुसरे काडतूस मी काडतूस मानीत नाही."

येथे वाचकासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. यातील पहिला आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, मिलिमीटरांतला. दुसरा पितळी पुंगळीच्या लांबीचा. आपल्या सैन्याच्या हाती आज मुख्यतः तीन काडतुसे आहेत. इन्सास रायफलीचे ५.५६ गुणिले ४५, एके जातीच्या रायफलींचे ७.६२ गुणिले ३९, आणि पूर्वीच्या एसएलआरचे व आता अमेरिकन सिग रायफलीचे ७.६२ गुणिले ५१. थोरल्याची सुमारे साडेनऊ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदास आठशे चाळीस मीटरांच्या आसपास वेगाने निघते. धाकट्याची चार ग्रॅमची गोळी नऊशेच्या पुढे धावते. मधल्याची आठ ग्रॅमची गोळी सातशेच्या थोडी वर. नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा म्हणाल तर थोरल्याची धाकट्याच्या जवळजवळ दुप्पट भरते.

अण्णांनी हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखविले आणि विजयी मुद्रेने सुभेदारांकडे पाहिले. सुभेदारांनी खिशातून नाण्यांची पुरचुंडी काढली. पाचाचे ते पिवळे, २०११ सालच्या घडणीचे नाणे बरोबर सहा ग्रॅमचे असते, ही गोष्ट त्या दिवशी मला प्रथम कळली. त्यांनी बाकाच्या दगडावर चार नाण्यांची एक चवड लावली, शेजारी दोन नाण्यांची दुसरी.

"चार नाणी म्हणजे आपले एक एकावन्न, पुंगळी-दारूसकट. दोन नाणी म्हणजे इन्सासचे एक काडतूस. एके तीन नाण्यांहून थोडे कमी. आता माझ्या पाठीवर साडेतीन किलो काडतुसे चढवा, अण्णा. आपली भरतील दीडशेच्या आत. माझी भरतील तीनशेच्या आसपास. वर पाणी, जर्सी, रेडिओची बॅटरी, शिधा. सोळा हजार फुटांवर माणूस बुटाची नाडी सोडावी की नको याचा विचार करतो. तेथे दीडशेऐवजी तीनशे ही चैन नव्हे."

"पण पोचणारे दीडशे आणि न पोचणारे तीनशे यांत निवड करायची वेळ आली तर?"

"कुठे पोचायचे ते आधी सांगा."

सगळा वाद या एका प्रश्नात आहे असे मला तेव्हाच वाटले, आणि पुढचा पाऊण तास मी त्याच दिशेने कान लावून बसलो. काडतूस म्हणजे मुळात अंतराविषयी केलेला एक तर्क असतो: आपला शिपाई आणि शत्रू परस्परांना किती पावलांवरून दिसतील, याचे भाकीत पितळेत ओतून ठेवायचे आणि लढाई येईपर्यंत ते खरे ठरेल अशी आशा धरायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी थ्री नॉट थ्री हे काडतूस बेतले, त्यांच्या नजरेसमोर हजार हजार यार्डांवरून सांघिक मारा करणाऱ्या पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हिशेब तपासला, तेव्हा तीनशे मीटरांपलीकडे शिपाई क्वचितच नेम धरतो असे त्यांना आढळून आले, आणि त्यांनी पुंगळी आखूड करून मध्यम ताकदीचे काडतूस सिद्ध केले. रशियनांचे ३९ लांबीचे काडतूस त्याच विचारातून जन्मले. ब्रिटिशांनीही १९५१ साली सात मिलिमीटरांचे एक मध्यम काडतूस आणि त्याची रायफल स्वीकारली होती. परंतु अमेरिकेस पूर्ण ताकदीचेच हवे होते, चर्चिल पुन्हा अधिकारावर आले, आणि ती रायफल वर्षाच्या आत दप्तरदाखल झाली. १९५४ साली नाटो गटातील राष्ट्रांनी अमेरिकेचे एकावन्न पत्करले. आणि ज्या अमेरिकेने ते गळी उतरविले, तीच दहा-बारा वर्षांत व्हिएतनामच्या जंगलात ते टाकून ५.५६ कडे वळली. मोठ्यांच्या मसलतीत असे प्रसंग घडतात. त्यांचा भुर्दंड मात्र धाकट्यांना, नवे कारखाने उभारून, भरावा लागतो.

आपणही भरला. १९६२ च्या हिवाळ्यात हिमालयात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले. त्यानंतर बंगालातील ईशापूरच्या कारखान्यात एसएलआर होऊ लागली, आणि वरणगावही त्याच दशकातील. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन संस्थेने घडविलेली इन्सास नव्वदीच्या अखेरीस सैन्यात आली, तेव्हा आपले मत एकावन्नावरून ५.५६ वर आले.

"इन्सासचे नाव काढू नका," अण्णा म्हणाले. "कारगिलच्या थंडीत मॅगझिने तडकली, रायफली अडल्या, हे सगळ्या देशाने वाचले."

"मॅगझिन तडकले, अण्णा. काडतूस तडकले होते काय?" सुभेदारांचा आवाज प्रथमच चढला. "मडके गळले म्हणून पाण्याला शिव्या देण्याची ही रीत. वरणगावच्या पितळेने मला कधी दगा दिला नाही, हे मी आपल्यासमोर, शपथेवर सांगतो. दोष प्लास्टिकचा होता, स्प्रिंगचा होता, आणि बदनामी झाली बिचाऱ्या ५.५६ ची."

या अनपेक्षित प्रशस्तिपत्राने अण्णा क्षणभर विरघळले आणि वाद सोडून पितळेकडे वळले. माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत मौल्यवान बोलणे तेच. काडतुसाची पुंगळी, ते सांगू लागले, ही नुसती डबी नव्हे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेची एक लहानशी वाटी घ्यायची. ती दाबयंत्राखाली ओढून लांब करायची. पितळ ओढले की कडक होते, कडक पितळ पुन्हा ओढले की फाटते. म्हणून मध्ये भट्टीत तापवून नरम करायचे, तेजाबाने धुवायचे, पुन्हा ओढायचे, आणि हे तीन-चार वेळा. पण शेवटी ती सर्व अंगाने सारखी नरम वा सारखी कडक असून भागत नाही. बूड कडक पाहिजे, नाही तर दाबाखाली बार पेटविणाऱ्या टोपीची जागा सैल होईल. मान नरम पाहिजे, नाही तर काही काळाने कोठारातच तिला केसासारखी चीर जाईल. बार उडताक्षणी तिने फुगून कोठीच्या भिंतीस चिकटावे, वायूला मागे वाट देऊ नये, आणि पुढच्याच क्षणी आकसून मोकळे व्हावे, म्हणजे रायफल तिला बाहेर फेकू शकते. "फुगायचे आणि लगेच आकसायचे," अण्णा मूठ उघडीत-मिटीत म्हणाले, "सुनेने माहेरचा पाहुणा आल्यावर हसावे आणि सासू आल्यावर गप्प व्हावे, तसे."

मग त्यांनी एके-४७ चे मॅगझिन केळ्यासारखे वाकडे का, हेही सांगितले. जळगाव जिल्ह्यात आयुष्य गेलेल्या माणसास ही उपमा कोणाकडून उसनी घ्यावी लागली नसेल. त्या ३९ ची पुंगळी बुडाशी रुंद आणि मानेकडे निमुळती असते. निमुळत्या वस्तू एकावर एक रचल्या की चवड आपोआप वळते. निमुळतेपणाचा फायदा असा की चिखल-धूळ शिरली तरी पुंगळी कोठीतून सहज सुटते. "रशियन माणसाने दिसण्यापेक्षा सुटण्याकडे पाहिले," असे म्हणून ते थांबले, आणि आपण शत्रुपक्षाच्या काडतुसाची तारीफ करीत आहोत हे लक्षात येऊन किंचित ओशाळले.

मला येथे राहवेना. काडतूस म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवते ते १८५७ चे, एनफील्ड बंदुकीचे कागदी आणि चरबी लावलेले. काडतुसाच्या निवडीत केवळ पल्ला पाहून भागत नाही, ज्याच्या दातांनी ते फोडायचे त्याचे मतही विचारावे लागते, असे मी बोलून गेलो. दोघांनीही माझ्याकडे, फलाटावर पास विसरलेल्या प्रवाशाकडे तिकीट तपासनीस पाहतो तसे, पाहिले आणि पुन्हा आपल्या वादास लागले.

"चला, अंतराचेच बोलू," अण्णा म्हणाले. "२००८ सालची २६ नोव्हेंबरची रात्र. याच मध्य रेल्वेचे शेवटचे स्थानक. आपल्या पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री आणि लाठ्या; समोर दहशतवाद्यांच्या हाती एके-४७. काडतूस निवडताना चुकले की काय होते, याचा याहून मोठा दाखला कोणता?"

सुभेदार काही वेळ बोलले नाहीत. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर लाठी हातात घेऊन पुढे झालेले तुकाराम ओंबळे हे त्यांच्याच जिल्ह्यातले, केडंब्याचे. ते नाव न उच्चारताच त्यांनी एकदा टोपी सारखी केली. मग शांतपणे म्हणाले, "दाखला मोठाच, पण आपल्या बाजूचा नव्हे. थ्री नॉट थ्रीची गोळी एकेच्या गोळीहून दीडपट ताकदीची. आपल्या हिशेबाने त्या रात्री आपले पोलीस वरचढ ठरायला हवे होते. मग का ठरले नाहीत? कारण त्या दालनात अंतर होते चाळीस-पन्नास पावलांचे. तेथे एकजण प्रत्येक बाराला बोल्ट मागे-पुढे ओढीत होता, आणि दुसऱ्याच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या, चाप दाबला की सुटणाऱ्या. सहाशे मीटरांची ताकद साठ मीटरांवर काय कामाची? काश्मीरात मक्याच्या शेतात, अंधारात, मला माणूस दिसला तो कधी शंभर मीटरांपलीकडे दिसला नाही. तेथे माझ्या हाती एके होती, आणि मी तिच्यावर खूश होतो."

"मग एके म्हणा. ५.५६ कशाला?"

"एके तीन नाण्यांची, ही दोन नाण्यांची. आणि हिची गोळी वेगामुळे सरळ जाते, नेम उचलावा लागत नाही."

"सरळ जाते आणि आरपार जाते! शत्रू पडत नाही अशी तक्रार जवानांनीच केली. हे काडतूस मुळी जखमी करण्यासाठीच काढले आहे; एक जखमी झाला की त्यास उचलायला दोघे गुंततात, असा त्यामागचा हिशेब."

"ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात कोणा ना कोणाकडून ऐकतो," सुभेदार हसले. "पलटणीत मात्र कोणत्याही उस्तादाने ती मला शिकविली नाही. जखमी माणूसही चाप ओढतो, अण्णा. काडतूस हलके केले ते वाहता यावे आणि रायफल हातात धरवावी म्हणून. आता वेग असेतोवर ही लहान गोळी आत शिरताच आडवी होते आणि वेग ओसरला की टाचणीसारखी निघून जाते, हे खरे. म्हणूनच ती जवळची. तिला लांब धाडून मग बोल लावू नये."

जखमी करण्याची ही कथा ऐकण्यास चतुर आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यास मी राजी नाही. उलट गोष्ट मात्र इतिहासात नमूद आहे, आणि ती आपल्याच देशातली. वायव्य सरहद्दीवरील पठाण थ्री नॉट थ्रीच्या कवचबंद गोळीने थांबत नाहीत, अशी ओरड झाल्यावर कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात टोक उघडे ठेवलेली, शरीरात फुलणारी गोळी तयार झाली. आणि १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळीस युद्धात मनाई केली. मुंबईच्या उपनगरात बसून ज्या शब्दाचा उगम आपण विसरतो तो 'डमडम बुलेट' हा शब्द जगाच्या कोशांत गेला तो एका भारतीय गावाचे नाव घेऊन, हा मान कोणास हवाहवासा वाटेल असे नाही.

अण्णा आता मूळ पदावर आले. सैन्याने २०११ साली दोन मापांची, नळी बदलून ५.५६ व ३९ ही दोन्ही काडतुसे झाडणारी रायफल मागविली, आणि २०१५ साली ती निविदा रद्द केली. २०१९ च्या फेब्रुवारीत बहात्तर हजार चारशे सिग रायफलींचा करार झाला, तो एकावन्नाचा. २०२१ च्या डिसेंबरात सहा लाखांहून अधिक एके-२०३ चा करार झाला, तो ३९ चा. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात जी 'उग्रम' रायफल पुढे आली ती पुन्हा एकावन्नाची. "पाहा! ज्याला पुढच्या रांगेत उभे करायचे त्याच्या हाती सरकारने एकावन्नच दिले. शत्रू आता अंगात चिलखत घालून येतो. अमेरिकेनेही २०२२ साली लहान काडतूस बाजूला सारून ६.८ मिलिमीटरांचे दणकट काडतूस निवडले. फिरून सगळे माझ्याच दारात."

"आणि बाकीच्या सहा लाखांच्या हाती ३९. म्हणजे सरकारचे अंतराविषयी एक मत नाही, तीन आहेत."

"दरीपलीकडच्या कड्यावरून शत्रू दिसला तर तुमच्या ३९ ने त्याला काय, हाक मारणार?"

"दरीपलीकडे मशीनगन आहे, ती आपल्याच एकावन्नाची. तिच्या पलीकडे मॉर्टर, त्याच्याही पलीकडे तोफ. कारगिलचे कडे बोफोर्सने भाजून काढले आणि शेवटचे पंचवीस मीटर जवानांनी हातबॉम्ब टाकून घेतले. त्या दोहोंच्या मध्ये रायफलीला किती मीटर उरतात, ते मोजा."

मला सुभेदारांची बाजू बळकट वाटली, आणि अजूनही वाटते. परंतु अण्णांच्या पुढच्या बोलण्यास मजजवळ उत्तर नव्हते. काडतुसाची निवड ही लढाईच्या वेळी होत नसते, ते म्हणाले. ज्या दिवशी वाटीचा साचा बदलतो त्या दिवशी ती झाली. मग साचे, मापे, तपासणीची यंत्रे, कोठारांतील कोट्यवधी नग हे सगळे एका माणसाच्या नोकरीइतकी वर्षे पुरते. "शत्रू उद्या अंतर बदलील. मी साचा उद्या बदलू शकत नाही. म्हणून मी मोठे काडतूस मागतो. मोठे जवळही चालते. लहान लांब चालत नाही."

सुभेदारांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी फक्त एक आठवण सांगितली. एका वरच्या ठाण्यावर, बर्फ पडण्याच्या आदल्या आठवड्यात, हमालांनी दोन दिवस चढून आणलेली पेटी उघडली. मागणीपत्रात कारकुनाने '७.६२' एवढेच लिहिले होते. रायफली होत्या एके. पेटीत निघाली एकावन्न. व्यास तोच, पुंगळी बारा मिलिमीटर लांब. त्या कोठीत ती शिरतच नाही. "मशीनगनवाल्याने ती हसत उचलून नेली. आम्ही मात्र हिवाळाभर गोळ्या मोजून वापरल्या. मोठे काडतूस जवळही चालते म्हणता ना? माझ्या तिथे ते मुळीच चालले नाही."

एव्हाना पाऊस थोडा उघडला होता. बारा डब्यांची गाडी उभी राहते तो फलाट सुमारे अडीचशे मीटरांचा. त्याचे मुलुंडकडील टोक ओल्या उन्हात चकाकत होते आणि तेथे दहा-पंधरा माणसे छपराखालून बाहेर येऊन उभी होती. सुभेदारांनी तिकडे बोट दाखविले.

"अण्णा, त्या टोकाला जा. मी म्हणतो तीनशे, आपण म्हणता सहाशे. हे तर अडीचशेच आहेत. तेथे उभे राहून एक हात वर करा वा दोन. मी येथून सांगतो. बरोबर सांगितले तर एकावन्न आपले, मी हरलो."

अण्णा खरोखरच उठले. नाणी बाकावर तशीच ठेवून, धोतराचा सोगा सावरीत ते चालू लागले आणि बघता बघता त्या दहा-पंधरा ठिपक्यांत एक ठिपका होऊन गेले. मला ते कोणते हेही ओळखता येईना. सुभेदार डोळे बारीक करून, हनुवटी किंचित खाली घेऊन, जणू दस्त्यावर गाल टेकला आहे असे पाहत होते. तेवढ्यात जलद गाडी धडधडत आली, सगळा फलाट हादरवून गेली, आणि ती गेल्यावर एका ठिपक्याचे काहीतरी वर गेले.

"दोन हात," सुभेदार म्हणाले.

पाच मिनिटांनी अण्णा परत आले, धापा टाकीत. एकच हात वर केला होता. दुसरी त्याच हातातली मिटलेली छत्री होती.

सुभेदार काही बोलले नाहीत. त्यांनी नाणी उचलून मोजली आणि खिशात टाकली.

"पण सिगवर दुर्बीण बसते," अण्णा श्वास आवरीत म्हणाले. "दुर्बीण असती तर आपल्याला छत्री दिसली असती."

"दुर्बीण माझ्याकडे आहे हे कळले असते, तर आपण हात वरच केला नसता."

अंबरनाथची धीमी गाडी सूचनाफलकावर लागली, आणि आम्ही तिघेही छत्र्या मिटून उभे राहिलो.